सोमवारचा भोंगा

धरणाचं पाणी सोडताना इशाऱ्याचा भोंगा वाजला होता, असं पाटबंधारे खात्याचे साहेब म्हणून तुम्ही लिहून दिलंत. सही केलीत, शिक्का मारलात. भोंगा ऐकूनही नाथाजी मोटर काढायला कृष्णेत उतरला, धरणातून सोडलेलं पाणी आलं आणि स्वतःच्या हट्टानं गेला, असं गावाला सांगून मोकळे झालात.

नाथाजीची पुतणी संयोगिता सांगलीच्या एका लहान कंपनीत प्रोग्रामर. त्याच भोंग्याच्या प्रोग्रामची दुरुस्ती तिच्या टेबलावर आली. नऊशे ओळी, कुणाच्या तरी हातच्या, वेड्यावाकड्या. कुठली अट कुठं संपते ते शोधून डोळे दुखायला लागले. ती ज्यात प्रोग्राम लिहायची, त्या एडिटरला कंसांच्या जोड्या कळायच्या, शब्दांच्या नाहीत. म्हणून तिनं सेटिंगच्या फाइलमध्ये त्याला शिकवलं: अट ‘इफ’नं उघडते, ‘एंड इफ’नं मिटते. एक कळ दाबली की कर्सरनं जोडीदारावर उडी मारायची.

करून बघायला तिनं साधीच अट धरली. ‘चाचणी चालू असेल तर.’ डोळ्याला ती चार ओळींतच संपलेली दिसत होती. कळ दाबली. कर्सर थेट चाळीस ओळी खाली गेला.

आपलंच काहीतरी चुकलं म्हणून तिनं परत दाबलं. वर आला. परत दाबलं. खाली, तिथंच. मग पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचली. एडिटर बरोबर होता. भोंगा वाजवायची ओळ त्या चाळिसात अडकली होती. आणि ‘भोंगा वाजला’ अशी नोंद करायची ओळ बाहेर होती, मोकळी.

म्हणजे वाजणार तो फक्त चाचणीला. खरं पाणी सुटलं की नुसती नोंद होणार.

चाचणी दर सोमवारी व्हायची. भोंगा गाव दणाणून सोडायचा, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. नाथाजी गेला त्या दिवशी पाऊस असा कोसळत होता, की छातीवर हात ठेवून सांगणारं कुणी नव्हतं. नोंद दाखवल्यावर सगळ्यांनी ती खरी धरली. एकटी चुलती, नाथाजीची बायको बनुबाई, म्हणत राहिली, “सोमवारचा ऐकू येतोय की गं मला. त्या दिशी वाजलाच न्हाई.” तिलाच ऐकू येत नसेल असं समजून संयोगितानंच तिला मिरजेला नेऊन कानाचं मशीन बसवून आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघी तुमच्या कचेरीत आल्या. संयोगितानं त्या चाळीस ओळींचा कागद पुढं ठेवला. तुम्ही तो पालथा घातलात. तांत्रिक बाब आहे, म्हणालात.

बनुबाईनं कानातलं मशीन काढलं, पदरानं पुसलं आणि त्या कागदावर ठेवलं.

“आवं सायेब, ह्ये आता तुमी घाला. अन् सांगा, त्या दिशी भोंगा कुणी ऐकला?”