ऊठबस

मागच्या वर्षी हरिनाम सप्ताहात कीर्तन संपून आरतीला सगळे उभे राहिले, पण निर्णा गावच्या राजूबाईला काही केल्या उठता येईना. शेवटी दोघींनी काखेत हात घालून तिला उभं केलं. देवासमोर बसून राहिल्याची लाज तिच्या मनातून जाईना. हुमनाबादची डॉक्टरीण म्हणाली, "अक्का, नुसतं चालून भागत न्हाई. थोडं थोडं वजन उचला, हाडं बळकट हुतील."

राजूबाईनं दोन पिशव्यांत ज्वारी भरली. लकव्यानं पडून असलेल्या तिच्या नवऱ्याला उचलायला, बसवायला गावातला व्यंकट रोज संध्याकाळी यायचा. तेवढ्या वेळात ती पिशव्या धरून खुर्चीवरून ऊठबस करायची. तोंडानं विठ्ठल विठ्ठल चालूच.

"आई, जत्रेत कुस्ती धरायलीस का?" लेक शिवराज हसायचा.

"धरीन की. आधी तुलाच पाडते बघ."

यंदा सप्ताहाच्या पहिल्या दिवशी नवऱ्याला व्यंकटवर सोपवून ती कीर्तनाला गेली, अन् आरतीला गुडघ्यावर हातसुद्धा न टेकता उभी राहिली. तिचे डोळे भरून आले. अजून सहा दिवस कीर्तन ऐकायचं होतं. घरी येऊन तिनं शिवराजसमोर जमिनीवर बसून, आपली आपण उठून दाखवलं. तो मनापासून खूश झाला.


"लई बेस झालं आई. व्यंकटला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगतो. अप्पाला उचलायला आता तू हाईस की."