पदराचा बोळा

लेक पहिल्या बाळंतपणाला पोखर्णीला आली, त्या दिवसापासून बायनाबाईंनी तिला एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली. "वरडायचं न्हाई, कावेरे. तुझ्या येळंला म्या पदराचा बोळा दातात धरला. शेजारणीलाबी पत्ता लागला न्हाई."

दवाखान्यात कावेरीनं आईचा शब्द राखला. शेजारच्या खाटांवरच्या दोघी गळा फाडून ओरडत होत्या, म्हणून एकटी नर्स त्यांच्याकडेच धावत होती. कावेरी मात्र घामानं निथळत, दातात पदर घट्ट धरून छताकडं बघत पडली होती. बायनाबाई त्या दोघींच्या सासवांना कौतुकानं सांगत होत्या, "माझी लेक बघा. लय सोशिक हाय. हूं की चूं न्हाई."

बऱ्याच वेळानं नर्सनं सहज म्हणून तिची चादर उचलली, तर बाळाचं डोकं केव्हाचंच अडकून पडलेलं. "अगं, एवढ्या कळा येत होत्या तर ओरडायचं नाही का?" ती किंचाळलीच.

कशीबशी सुटका झाली. मुलगी होती. नर्स तिच्या निळ्या तळव्यांवर टिचक्या मारत राहिली.



आणि बायनाबाई नातीच्या मिटल्या तोंडाशी वाकून विनवत होत्या, "वरड गं माय... एकदा तरी वरड!"