भोवरा पडेपर्यंत

मलेशियातल्या आमच्या केलांतानात चांगला भोवरा दोन तास पडत नाही. माझ्या नवऱ्याने, देरामानने, मरायच्या आधी बालवाडीसाठी तसले सात भोवरे कातले होते. नव्या शिक्षिकेने, रोस्नाने, ते चुलीत घातले.

"प्लास्टिकची खेळणी आलीत ना, मक्चिक. हा पसारा कशाला?"

इथे सगळे मला मक्चिक, म्हणजे मावशी, म्हणतात. मी राखेतून भोवऱ्याची एक लोखंडी आर उचलली आणि घरी येऊन तिच्यावर देरामानची दोरी घट्ट गुंडाळून ठेवली.

सकाळी दोरी सुटलेली होती. आर नव्हती.

बालवाडीतून गुणगुण येत होती. मी दारातून पाहिलं. मुलं रिंगण करून बसली होती आणि मधल्या रिकाम्या जमिनीकडे बघत होती.

"उठा, भात निवतोय," रोस्ना म्हणाली.

"भोवरा पडेपर्यंत उठायचं नसतं, चिकगू," एक मुलगी नजर न हलवता बाईंना म्हणाली.

"कुठाय भोवरा?" रोस्ना हसत रिंगणात शिरली.

गुणगुण थांबली. रोस्नाचा एक पाय आपोआप उचलला गेला. दुसऱ्या टाचेवर ती सावकाश फिरू लागली. मग गुणगुण पुन्हा आली, तिच्या अंगातून.

"मक्चिक," ती म्हणाली, "मला थांबवा."

मी मुलांशेजारी मांडी घालून बसले.