चलनाचं बटण

हौसरावआबांनी सकाळी कौतुकानं माऊस हातात घेतला आणि पडद्यावरच्या पट्टीतलं ‘चलन’ नावाचं बटण ओढून कुठं घालवलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. आता दुपार झाली होती. कुरकुंभ फाट्यावरच्या त्यांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसबाहेर मालाच्या चलनाच्या कागदावाचून टँकर खोळंबले होते, आणि मालक असूनही आबा काच फोडलेल्या पोरासारखे खुर्चीमागं उभे होते.

जुनी फाईल उघडून चलन छापता आलं असतं. पण आबांना बटणच परत हवं होतं. रात्रपाळीचा माणूस तेवढं एकच बटण ओळखायचा, आणि खरं सांगायचं तर आबाही.

खुर्चीत जालिंदर बसला होता. भांडगावचा, घरचा बागायतदार, कॉम्प्युटरमध्ये मुरलेला. ते बटण मुळात त्यानंच बसवलेलं. सकाळची पाळी त्याची, दुपारनंतरची गौतमीची, मशीन एकच. कीबोर्ड मात्र जालिंदरचा स्वतःचा. येताना पिशवीतून आणायचा, जाताना काढून फडक्यात गुंडाळून न्यायचा. न्हाव्याला जसा स्वतःचाच वस्तरा लागतो, तसं असेल, असं सगळे धरून चालले होते. माऊस शिकाऊ लोकांसाठी, असं तो म्हणायचा. गौतमीनं तरी त्याला कधी माऊस धरताना पाहिलं नव्हतं.

गौतमीला त्याचा फार आदर. भीमनगरातून ती इथं कामाला लागली तेव्हा पट्टीवरची बटणं हलवायची कशी, नवी बसवायची कशी, हे सगळं तिला त्यानंच शिकवलं होतं, तेही दारापाशी उभं राहून, तोंडी. सर मुलींपासून अंतर ठेवून वागतात, असं तिनं घरी सांगितलं तेव्हा तिची आई, ताईबाई, निर्धास्त झाली होती. या ऑफिसात आपलं म्हणावं असं तिला एकच माणूस होतं, ते म्हणजे जालिंदर सर.

आज सरांचं गाडं अडलं होतं. त्यानं कीबोर्डवरून पट्टीतली बटणं बदलायची ‘कस्टमाइज’ची खिडकी उघडली, यादीतून ‘चलन’ शोधलं. तिथवर ठीक. पण यादीतलं ते उचलून वरच्या पट्टीवर नेऊन ठेवायचं काम माऊसचं. जालिंदर बाणांची बटणं दाबत राहिला, खिडकी बंद करून पुन्हा उघडत राहिला. कपाळाला घाम आला तरी त्यानं माऊसकडं पाहिलं नाही.

“पहिल्यांदा बसवलंस तवा तर माऊसनंच बसवलं होतंस की रं,” आबा म्हणाले.

गौतमीला हे नवीन होतं. ते तिच्या येण्याआधीचं असणार. पण तिला विचार करायला वेळ नव्हता. आबांपुढं सरांची फजिती होतेय हे तिला बघवेना. तिनं माऊस सरकवला आणि सरळ त्याच्या हाताखाली दिला. तिची बोटं त्याच्या बोटांना लागली.

जालिंदरनं हात असा झटक्यानं ओढला की खुर्ची मागं भिंतीवर आदळली. माऊस टेबलावरून घसरला आणि वायरीला लोंबकळत राहिला.

“करंट बसला का सर?” गौतमीनं घाबरून विचारलं.

तो उठला आणि तिच्या बाजूनं न जाता टेबलाला वळसा घालून बाहेर गेला. बाहेरचा नळ सुरू झाला. खिडकीतून स्पष्ट दिसत होतं. जालिंदर साबण लावून हात धूत होता. एकदा धुतला आणि पुन्हा साबण लावला.

गौतमीनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. हात स्वच्छ होता. दारापाशी उभं राहून शिकवणं आणि फडक्यातला कीबोर्ड, सगळ्याचा अर्थ तिला एकाच वेळी लागला. हे आपण आदरानं बघत होतो, घरी कौतुकानं सांगत होतो, याची तिला भयंकर लाज वाटली. मग तिला वाटलं, लाज मला का वाटावी?

आबांनीही खिडकीतून पाहिलं होतं. ते आता ड्रॉवर उघडून त्यात काहीतरी शोधू लागले.

“मनावर घिऊ नगं पोरी,” ते ड्रॉवरमध्येच बघत म्हणाले. “त्याच्या घरचं वळणच तसलं हाय. कामाला माणूस चांगला हाय.”

गौतमी खुर्चीवर बसली. वायर ओढून तिनं माऊस वर घेतला. यादीतलं ‘चलन’ धरलं, पट्टीवर नेलं आणि सोडलं. बटण जागेवर बसलं. तिनं ते दाबलं आणि प्रिंटर सुरू झाला. ड्रायव्हर दारात येऊन चलनासाठी हात पुढं करून उभा राहिला. तिनं कागद फाडून त्याच्या हातात दिला.

जालिंदर रुमालाला हात पुसत आत आला. काही घडलंच नाही अशा आवाजात त्यानं विचारलं, जमलं का. मग खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत तो थोडा लांब थांबला.

गौतमी उठली नाही.

“बटण बसलंय,” ती म्हणाली. “आता पाळी माझी हाय. तुमचा कीबोर्ड काढून न्या. त्याला मी हात लावलेला न्हाई.”