कठडा ओलांडताना

"फुंका. अजून जोरात," सेफ्टीवाले साहेब म्हणाले, आणि क्रेनवाल्याने नळी ओठांत धरली.

शेजारी उभ्या असलेल्या सिग्नलमनने डोळे मिटून घेतले. संपलं सगळं, त्याला वाटलं. क्रेनवाला म्हणजे त्याचे दाजी, थोरल्या बहिणीचा नवरा. आई गेल्यावर या ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. आता तिच्याच संसाराचे तीनतेरा वाजणार होते, आणि ते त्याला उघड्या डोळ्यांनी बघवणार नव्हतं.

ऑफिसच्या खिडकीतून विटांचा ढीग दिसत होता. गवंड्याचं पिवळं हेल्मेट अजून तिथेच पडलं होतं. सकाळी क्रेनने उचललेला विटांचा पहिलाच पाळणा गच्चीचा कठडा ओलांडून आत उतरायचा होता. तो उतरला थेट कठड्यावर. कलंडला, आणि सगळ्या विटा बाहेरच्या परांचीवर काम करणाऱ्या गवंड्याच्या अंगावर कोसळल्या. त्याला अँब्युलन्समध्ये घालताना सिग्नलमननेच त्याचं डोकं धरलं होतं. गवंडी सारखा एकच विचारत होता, "माझा पाय कुठंय?"

या श्वास तपासायच्या यंत्राला साइटवर सगळे फुंकणी म्हणत. ती साहेबांच्या कपाटात कुलपात असायची. वरून कुणी तपासणीला आलं की बाहेर निघायची, नाहीतर असं काहीतरी घडल्यावर. तहान लागली की विहीर खणायची, ही इथली जुनीच रीत. दाजी पितात हे कुणाला ठाऊक नव्हतं? ते क्रेनच्या केबिनमध्ये जी पाण्याची बाटली घेऊन बसायचे, तिच्यात पाणी नसतं हे चहावाल्यालाही माहीत होतं. पण बोलला कोणीच नाही. "पिऊ दे हो, हात पक्का आहे त्याचा," असं मुकादम कौतुकाने सांगायचा.

तो हात पक्का का दिसतो, हे एकट्या सिग्नलमनला माहीत होतं.

खालून क्रेनवाल्याला गच्ची दिसत नसे. दिसायचा तो फक्त गच्चीच्या कडेला उभ्या सिग्नलमनचा हात. हात खाली आला की पाळणा खाली सोडायचा, एवढीच भाषा. पण दारू पोटात असली की ही भाषा दाजींना उशिरा कळायची. एकदा पाळणा असाच पुढे जाऊन पाण्याच्या टाकीवर आदळता आदळता राहिला. त्या दिवशी ताई भावापुढे पदर डोळ्यांना लावून बसली. "तू आहेस म्हणून ते कामावर आहेत रे. सांभाळून घे."

त्याने सांभाळून घेतलं. ताईला नाही कसं म्हणायचं? पाळणा कठड्याच्या अलीकडे असतानाच तो हात खाली करू लागला. दाजींनी लिव्हर ओढेपर्यंत पाळणा कठडा ओलांडायचा आणि अगदी ठरल्या जागी टेकायचा. सुरुवातीला त्याच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं. पुढे ते अंगवळणी पडलं. मग तर साइटवर या जोडीचं नाव झालं. "मेव्हणा आणि दाजी, पण डोकं एकच," असं लोक म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायला लागलं होतं.

आज दाजी बऱ्याच दिवसांनी कामावर आले होते. कावीळ झाली, असा ताईचा निरोप होता. त्याचा विश्वास बसला नाही. कसली कावीळ? कुठेतरी पिऊन पडले असतील. रागाच्या भरात तो त्यांना बघायलाही गेला नाही. सकाळी ते समोर आले तेव्हा त्यांच्या तोंडाकडे न बघता तो सरळ जिना चढून गच्चीवर गेला होता.

फुंकणी वाजली.

साहेबांनी आकडा पाहिला, यंत्र झटकलं. "पुन्हा फुंका." दाजींनी पुन्हा फुंकलं. साहेबांनी आकडा पुन्हा वाचला.

"शून्य," ते म्हणाले.

सिग्नलमनने डोळे उघडले. आज पहिल्यांदाच त्याने दाजींकडे नीट पाहिलं. चेहरा ओढलेला होता, पण डोळे स्वच्छ होते.

"कावीळ नव्हती, मेव्हणे," दाजी हळूच म्हणाले. "दारू सोडवायच्या केंद्रात होतो. तुमच्या ताईला मीच बजावलं होतं, इतक्यात सांगू नकोस म्हणून. शब्द देऊन देऊन तोंड राहिलं नव्हतं मला. म्हटलं, आधी नीट काम करून दाखवतो."

त्याला भडभडून आलं. इतक्या वाईट दिवशी आनंद व्हावा याची लाज वाटली, तरी झालाच. ताई सुटली होती. दाजींच्या माथी आता कोणी काही मारू शकणार नव्हतं.

तेवढ्यात हॉस्पिटलमधून फोन आला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि फोन सावकाश खाली ठेवला.

"जीव वाचला. पाय काढावा लागणार." ते सिग्नलमनकडे वळले. "पाळणा कठड्यावर उतरलाच कसा? तुमची खूण बरोबर होती?"

"रोजच्यासारखीच होती, साहेब," तो म्हणाला.

"मग घाई तुम्ही केलीत," साहेब दाजींना म्हणाले.

दाजींनी मान हलवली.

"नाही साहेब. हात खाली आला, तेव्हाच सोडला. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा मला यांचा हात वेळेवर दिसला."