गुंडीची बशी

गुंडीने बशी हुंगली, मिशा झटकल्या आणि तोंड फिरवलं.

“आई, हिला हाही नको,” लेक हताश होऊन म्हणाली. शिवणकामाच्या टेबलावर डब्यांची रांग लागली होती. प्रत्येक डबा तिने दुकानात उभं राहून, बारीक अक्षरं वाचून निवडलेला. मीठ कमी, प्रथिनं बेताची, म्हाताऱ्या मांजरीच्या किडन्यांना सोसेल असा. डॉक्टरांनी सकाळी स्पष्टच सांगितलं होतं, आज पोटात काही गेलं नाही तर सलाईन लावावं लागेल, आणि या वयात कसलाच भरवसा देता येणार नाही.

“नखरे आहेत महाराणीचे,” मावशी म्हणाल्या. लेकीची आई, पण कपडे शिवून घेणारी सगळी गल्ली त्यांना मावशीच म्हणायची. तोंडाने म्हणाल्या खऱ्या, पण बशी पुन्हा तिच्या नाकाशी सरकवली.

“तू चोरून दूध तर पाजत नाहीस ना हिला?”

“पाजून पाहिलं. तेही नको म्हणाली.”

लेकीने कपाळावर हात मारला आणि पर्स उचलून आणखी एका दुकानाकडे निघाली.

मावशी एका पोलक्याच्या बाह्या घेऊन मशीनपुढे बसल्या. त्यांच्या गुडघ्यांची काळजी म्हणून लेकीने गेल्याच आठवड्यात हे विजेचं मशीन आणलं होतं आणि जुनं, पायाने चालवायचं, देऊन टाकलं होतं. नवं मोठं गुणी. बोट लावलं की नुसतं गुणगुणायचं. गुंडीची बशी तेवढी जुन्या जागी होती, टेबलाखाली, मावशींच्या पायांशी.

खिडकीतून ऊन आलं. उन्हात कापडाचा भुसा तरंगत होता. तो बघता बघता मावशींचा डोळा लागला.

स्वप्नात जुनं मशीन परत आलं होतं. सुईखालून पांढरं कापड निघत होतं, दारातून बाहेर, जिन्यावरून खाली, गल्लीभर. लोक ते हातांवर झेलून पुढे देत होते आणि शिवण काही संपत नव्हती. मावशींना ती संपवायचीही नव्हती. पाय चालले होते, खटखट, खटखट. खाली गुंडी जेवत होती. मशीन चाललं की खायचं, थांबलं की मान वर करायची, ही तिची पिल्लू होती तेव्हापासूनची रीत.

मावशी जाग्या झाल्या, पण खटखट थांबली नाही. त्यांच्याच चपला फरशीवर वाजत होत्या, टाच, चवडा, टाच, चवडा. आणि टेबलाखालून आणखी एक आवाज येत होता, चपचप.

दचकून त्यांनी पाय थांबवले. गुंडीने मान वर केली. मिशांना सकाळपासून नाकारलेलं तेच अन्न लागलेलं होतं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मावशींनी पुन्हा पाय हलवले. गुंडीने मान खाली घातली.

लेक धापा टाकत आली ती दारातच थबकली. “अगं बाई, खातेय! कुठला डबा लागू पडला?”

मावशींचे गुडघे ठणकत होते आणि डोळे भरून आले होते. नवं मशीन गप्प उभं होतं. रिकाम्या फरशीवर त्यांचे पाय चालतच होते.

“हळू बोल,” त्या म्हणाल्या. “एक बाही राहिलीय अजून.”