सत्त्याऐंशीचा बोअर

नव्वदचा स्ट्रोक. सुके बोंबील. नवा सायलेन्सर. थोरल्या भावाच्या पायातली सळई.

"पुंडलिककाका, बोअर वाढवू का स्ट्रोक?" मेहुलने पाचशे सीसीची मोटारसायकल पुंडलिकच्या बोईसरच्या गॅरेजात लावत विचारलं. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव; दोन्ही मिलिमीटरात.

"स्ट्रोकनं ओढेल, बोअरनं पलेल. तुज्या थोरल्या भावाचं पलणं बगितलंस ना?"

"बोअरच! चौऱ्याऐंशीचा सत्त्याऐंशी करा."

पुंडलिकने दमून मान हलवली. बोअर वाढवायला आलेला या महिन्यातला हा पाचवा पोरगा.

आठवड्याने मेहुल शिरगावपर्यंत फेरी मारून आला. "काका, काय पलते आता!"

"पलणारच," म्हणत पुंडलिक हात पुसत राहिला. त्याने इंजिन उघडलंच नव्हतं. फक्त जास्त आवाजाचा सायलेन्सर बसवला होता.



मेहुलची आई थोरल्याच्या पायाचं सांगून ते सुके बोंबील देऊन गेली होती, गाडी गॅरेजात यायच्या आदल्या दिवशी.